फाइलच्या मराठी नावाची परत परत प्रश्नचिन्हं होतात: जीलिब वापरताना नेमकं कुठे बघायचं

"दाजी, तुमचं सॉफ्टवेअर परत प्रश्न विचारायला लागलं." मेहुण्याच्या फोनची सुरुवात हीच. उन्हाळ कांद्याची आवक वाढली की हा फोन येणार म्हणजे येणारच. त्याचं पिंपळगाव बसवंतला कांद्याचं खळं आहे, मी नाशकात गंगापूर रोडला राहतो, आणि त्याच्या काट्याशेजारच्या कॉम्प्युटरवर मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. काटापट्टीची फाइल वाचायची, शेतकऱ्याच्या नावाने हिशोबपट्टी करायची आणि त्याच्या गावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम. लिहितो मी लिनक्सवर, चालतो तिथे विंडोजवर. आणि अधूनमधून शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती ????? ????? उमटतात.

तीन सीझनमध्ये हे मी पाच वेळा दुरुस्त केलं. पाच वेळा दुरुस्त करावं लागलं याचा अर्थ एकदाही नीट झालं नव्हतं. प्रत्येक वेळी आजार वेगळा होता, अंगावर उठलेलं पुरळ तेवढं सारखं. मी पुरळावर मलम लावत बसलो.

"फाइलची नावं इंग्रजीत ठेव की," हा सल्ला ज्यांना द्यायचा आहे त्यांना आधीच सांगतो, दिवाणजी एकाच आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग सोमवारी एक करतात आणि गुरुवारी दुसरं. मराठीत मात्र त्यांची वेलांटीसुद्धा चुकत नाही. शेतकरी समोर उभा राहून "माझी परवाची पट्टी काढा" म्हणतो तेव्हा ती मराठी नावानेच सापडते. नावं मराठीतच राहणार.

जीलिब ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. सी भाषेत एकदाच लिहून लिनक्स, विंडोज, मॅक असं सगळीकडे चालवायचं तर स्ट्रिंग, याद्या, थ्रेड, फाइल ही रोजची कामं एकसारखी करून देणारी ही मुक्त लायब्ररी. जिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जीटीके तयार झालं आणि त्यातला खिडक्या-बटणांशी संबंध नसलेला भाग वेगळा निघून जीलिब झालं. लायसन्स एलजीपीएल आहे, त्यामुळे मेहुण्याच्या खळ्यावर फुकट चालवायला कसलीही आडकाठी नाही. खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना छोटी इंग्रजी अक्षरं वापरा, अंडरस्कोर दिसतो तिथे अंडरस्कोर.

आधी दिसतंय काय ते नीट बघा

"नाव बिघडलं" या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. मेहुण्याला मी आता स्क्रीनचा फोटोच पाठवायला सांगतो, कारण बिघडण्याचे प्रकार डोळ्यांनी ओळखता येतात.

साधी प्रश्नचिन्हं, एका अक्षरामागे एक, दिसत असतील तर माहिती गेली. कुणीतरी देवनागरी अक्षर अशा संचात कोंबायला गेलं की जिथे त्याला जागाच नाही, आणि जागा नाही म्हणून ? ठेवून मोकळं झालं. त्या ? वरून मूळ अक्षर परत काढता येत नाही.

दुसरा प्रकार: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना काटे फुटलेलं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हेच पुन्हा पुन्हा. हे बघायला जास्त भयानक, पण बातमी चांगली. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना कोड देणारं युनिकोड बाइटमध्ये लिहायची रीत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. हे बाइट कुणी विंडोजच्या १२५२ या पाश्चात्त्य कोडपेजने (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता) वाचले, की २२४ चा होतो तो रेघवाला ए, १६४ चं होतं काटेरी गोल (ते चलनाचं चिन्ह आहे) आणि १६५ चं होतं जपानी येनचं चिन्ह. क असेल तर तिसरा बाइट १४९, म्हणजे जाड काळा ठिपका. दीर्घ वेलांटी, उकार, एक मात्रा, ओकार आणि पाय मोडण्याची खूण ही सगळी १६५ च्या घरातली. त्यामुळे "कोथिंबीर" लिहिलं की मध्ये येन पिकतात. यात माहिती सगळी शाबूत असते, वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा घातलेला असतो.

तिसरा प्रकार म्हणजे काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह. तीन बाइटचं अक्षर कुणीतरी मधोमध कापलं. त्याकडे शेवटी येतो. आणि नुसते रिकामे डबे दिसले तर फॉन्ट नाही, प्रोग्रामला हात लावू नका.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर नावाचा एकेक बाइट दशमान आकड्यात लॉग फाइलमध्ये लिहा. चार ओळींचं लूप आहे. "ना" साठी २२४ १६४ १६८ २२४ १६४ १९० आले तर तिथपर्यंत सगळं ठीक आहे. ६३ ६३ आले तर तिथे पोचण्याआधीच नाव मेलेलं आहे. हे लूप मी तीन जागी घातलं: नाव प्रोग्रामात शिरतं तिथे, फाइल उघडते तिथे, आणि नाव छापलं जातं तिथे. पहिल्या सीझनला हे केलं असतं तर उरलेले चार फोन वाचले असते.

शिरताना: मेनला मिळणारी नावं

दिवाणजी काटापट्टीची फाइल उचलून प्रोग्रामच्या आयकॉनवर सोडतात. विंडोज ते नाव युनिकोडमध्येच देतं, पण प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या साध्या मेन फंक्शनला जे आर्ग-व्ही (दिलेल्या नावांची यादी) मिळतं ते आधी मशीनच्या एएनएसआय कोडपेजमधून, म्हणजे युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांसाठीच्या तक्त्यातून, गाळून येतं. इंग्रजी-भारत असं सेटिंग असलेल्या मशीनवर ते कोडपेज १२५२. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून ६३ ६३ ६३.

इथे पुष्कळ जण, पहिल्या वर्षी मीसुद्धा, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मशीनची भाषा मराठी करून बघतात. उपयोग नाही. मराठी आणि हिंदी या विंडोजच्या दृष्टीने फक्त-युनिकोड भाषा आहेत, त्यांना एएनएसआय कोडपेज दिलेलंच नाही. जपानी किंवा रशियन लोकांची जुनी सॉफ्टवेअरं ज्या पळवाटेने चालतात ती आपल्याला बंद आहे.

जीलिबमधला मार्ग असा: विंडोजवर बांधत असाल तेव्हा मेनमधलं आर्ग-व्ही विसरा आणि जी_विन३२_गेट_कमांड_लाइन बोलवा. ते सगळी नावं यूटीएफ-८ मध्ये देतं. विंडोज नसेल तिथे जी_स्ट्रडपव्ही ने आर्ग-व्हीची प्रत घ्या, म्हणजे पुढचा कोड दोन्हीकडे सारखा राहतो आणि शेवटी जी_स्ट्रफ्रीव्ही ने मोकळं करता येतं. पर्याय वाचायला जीलिबचाच पार्सर वापरत असाल तर ही यादी जी_ऑप्शन_कॉन्टेक्स्ट_पार्स_स्ट्रव्ही ला द्या, साध्या पार्सला नको. दोन्ही सोयी २.४० आवृत्तीपासून आहेत.

तिथेच आणखी एक खड्डा. पर्यायाचा प्रकार लिहिताना फाइलच्या नावाला "स्ट्रिंग" न म्हणता "फाइलनेम" म्हणायचं. स्ट्रिंग म्हटलं की जीलिब ते लोकेलमधून (भाषा आणि अक्षरसंचाचं सेटिंग) यूटीएफ-८ मध्ये बदलायला जातं, आणि लिनक्सवर लोकेल नीट लावलेलं नसेल तर मराठी नाव बघताच "इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स" म्हणून हात वर करतं.

उघडताना: निम्मा कोड इकडचा, निम्मा तिकडचा

माझा सगळ्यात चिवट घोळ इथलाच. फोल्डरमधल्या फाइलींची यादी मी जी_डिर_ओपन ने घेत होतो. ते विंडोजवरही यूटीएफ-८ नावं देतं, चोख. पण ते चोख नाव मी सवयीने सीच्या साध्या एफओपनला देत होतो. तो त्याला १२५२ समजतो. वाचायला गेलं की "अशी फाइल नाही", आणि फाइल तर समोर दिसते आहे. लिहायला गेलं की त्याहून वाईट: चूक येतच नाही, काटेरी गोलांचं आणि येनचं नाव असलेली नवीच फाइल तयार होते. दिवाणजींनी मला अशा चाळीसेक फाइली दाखवल्या होत्या. आत हिशोब अगदी बरोबर.

जीलिब २.६ पासून नियम असा आहे: विंडोजवर जीलिबच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे यूटीएफ-८. तेव्हा उघडायला जी_एफओपन, माहिती घ्यायला जी_स्टॅट, फोल्डर करायला जी_एमकेडिर, नाव बदलायला जी_रीनेम, पुसायला जी_अनलिंक. आतून ही फंक्शनं नाव युनिकोडमध्ये बदलून विंडोजच्या रुंद-अक्षरी फंक्शनांना देतात, आणि लिनक्सवर जवळजवळ साध्या फंक्शनांसारखीच वागतात. अख्ख्या कोडमध्ये साधा एफओपन शोधा. एक जरी राहिला तरी तो सापडेपर्यंत फोन येत राहणार. माझा शेवटचा एफओपन बॅकअपच्या फाइलीत लपला होता, आणि बॅकअप फक्त महिनाअखेरीला चालतो.

ही फंक्शनं जीस्टडीआयओ नावाच्या वेगळ्या हेडरमध्ये आहेत. नेहमीचं जीलिबचं हेडर घेतलं म्हणून ती आपोआप येत नाहीत. जुना कंपायलर फक्त वॉर्निंग देऊन पुढे जायचा, फंक्शन पूर्णांक देतं असं गृहीत धरायचा, आणि ६४ बिटच्या मशीनवर फाइलचा पॉइंटर अर्धा कापला जाऊन प्रोग्राम भलतीकडेच कोसळायचा. जीसीसी १४ पासून ही सरळ चूकच धरली जाते, बरं झालं.

दुसऱ्या लायब्ररीला नाव द्यायचं असेल तर तिचं मत आधी विचारा. एसक्यूलाइट हा डेटाबेस यूटीएफ-८ च मागतो, तिथे काही करायला नको. फाइली दाबून लहान करणाऱ्या झेडलिबचा जीझेडओपन मात्र विंडोजवर साधं नाव घेतो, त्याला रुंद-अक्षरी जोडीदार आहे, तो वापरावा लागतो. काहीच सोय नसलेली लायब्ररी असेल तर जी_विन३२_लोकेल_फाइलनेम_फ्रॉम_यूटीएफ८ आहे. ते फाइलचं जुन्या पद्धतीचं ८.३ छोटं नाव शोधून देतं. पण छोटी नावं बनवणं ड्राइव्हनिहाय चालू-बंद असतं आणि ती नसतील तर हातात शून्य येतं. माझ्या टेस्टच्या सी ड्राइव्हवर चाललं, खळ्यावरच्या डी वर नाही. मी ते काढून टाकलं.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आणखी एक मार्ग आहे. प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला प्रोग्रामची माहिती देणारा मजकूर) "अ‍ॅक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-८" असं लिहिलं की त्या प्रोग्रामापुरतं एएनएसआय म्हणजेच यूटीएफ-८ होतं, साधा एफओपन आणि आर्ग-व्हीसुद्धा सुधारतात. सगळी मशीनं नवी असतील तर हे करा, मी आता दोन्ही करतो. मात्र रीजनच्या सेटिंगमध्ये जी "बीटा: यूटीएफ-८ वापरा" अशी चौकट असते ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर टिचकवू नका. ती अख्ख्या मशीनला लागू होते. दिवाणजींचं एक जुनं सॉफ्टवेअर त्यानंतर आकडे सोडून सगळं गचाळ छापायला लागलं आणि तो दोषही माझ्याच नावावर लागला.

छापताना: खोटा आजार

कधीकधी फाइल ठणठणीत असते आणि फक्त स्क्रीनवर ? दिसतात. जी_प्रिंट छापण्यापूर्वी मजकूर त्या जागेच्या अक्षरसंचात बदलतं आणि जे बसत नाही तिथे ? टाकतं. विंडोजच्या काळ्या खिडकीचा संच वेगळा, म्हणून तिथे प्रश्नचिन्हं. तिथे यूटीएफ-८ लावून बघितलं तरी जुन्या खिडकीत जोडाक्षरं जुळत नाहीत. त्या खिडकीत नावं तपासण्याचा नाद मी सोडला. जी_फाइल_सेट_कन्टेन्ट्स ने लॉग लिहायचा आणि नोटपॅडमध्ये बघायचा.

लिनक्सवर हाच प्रकार झाला तर मेनच्या पहिल्या ओळीत सेटलोकेल आहे का ते बघा. ते बोलावलं नाही तर प्रोग्राम "सी" लोकेलमध्ये राहतो, जीलिबला वाटतं इथे फक्त अ‍ॅस्की चालतं, आणि मराठीची ? होतात. हाताने चालवलं तर बरोबर आणि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) चालवलं तर प्रश्नचिन्हं, असं असेल तर क्रॉनला लँग हे व्हेरिएबल मिळत नाही. क्रॉनटॅबच्या वर लँगला सी.यूटीएफ-८ लावून टाका.

बिघडलेल्या चाळीस फाइली परत कशा आणल्या

? झालेल्यांचं काही होत नाही. तशी फाइल विंडोजवर मुळात तयारच होत नाही, कारण ? हे चिन्ह नावात चालत नाही आणि "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" येतं. (हे चिन्ह कमांडवर पुसायच्या आदेशात देऊ नका. तिथे ? म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि नको त्या फाइली जातील.)

काटेरी गोलवाल्या मात्र सगळ्या वाचतात. नाव उलट १२५२ मध्ये बदला, जे बाइट येतील तेच मूळ यूटीएफ-८. मी उत्साहाने जी_कन्व्हर्ट वापरलं आणि जोडाक्षर असलेल्या प्रत्येक नावावर ते अडलं. कारण मजेशीर आहे. पाय मोडण्याच्या खुणेचा तिसरा बाइट १४१, आणि १२५२ च्या तक्त्यात १४१ ची जागा रिकामी आहे. विंडोज ती रिकामी जागा एका अदृश्य नियंत्रण-चिन्हाने चालवून घेतं, जीलिबच्या मागे अक्षरसंच बदलण्याचं काम करणारं आयकॉन्व्ह नियमावर बोट ठेवतं. म्हणून हे रूपांतर विंडोजच्याच वाइडकॅरटूमल्टिबाइट ने केलं. आलेल्या नावावर जी_यूटीएफ८_व्हॅलिडेट चालवलं, पास झालं तरच नाव बदललं. "म्हात्रे" आणि "कुलकर्णी" परत आले.

दोन बाऱ्हे

हा पाचवा फोन. प्रश्नचिन्ह एकही नाही, पण बाऱ्हे गावाची फोल्डरं दोन, नाव डोळ्यांना तंतोतंत सारखं. सुरगाण्याच्या बाजूने येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या अर्ध्या पट्ट्या एकात, अर्ध्या दुसऱ्यात.

बाइट काढले. एकात ऱ चा स्वतंत्र कोड होता, २२४ १६४ १७७. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर २२६ १२८ १४१, म्हणजे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. आपला तो अर्धचंद्रासारखा र, दऱ्यातला आणि सुऱ्यातला, युनिकोडमध्ये दोन्ही रीतींनी लिहिता येतो. दिवाणजींचा कीबोर्ड एक रीत वापरतो, मेहुण्याचा मोबाइल दुसरी. मग भाच्याने त्याच्या जुन्या मॅकवरून झिप पाठवली आणि तिसरं बाऱ्हे आलं: त्या मॅकची एचएफएस-प्लस ही फाइलव्यवस्था नावं फोडून साठवते, त्यामुळे ऱ चा झाला र आणि खाली नुक्ता.

नुक्त्यावाला प्रकार जी_यूटीएफ८_नॉर्मलाइझ ने मिटतो, एनएफसी (फोडलेली चिन्हं परत जोडणारा) प्रकार द्या. जोडकवाला त्याने मिटत नाही, युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लिखाणं आहेत आणि मराठीत ती एकच हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून नाव शिरल्या शिरल्या आधी एनएफसी, मग र-पायमोड-जोडक दिसला की ऱ-पायमोड, जी_स्ट्रिंग_रिप्लेस ने. ते फंक्शन २.६८ पासून आहे. हे करताना फाइलचं नाव तपासण्यासाठी वेगळी प्रत ठेवा. डिस्कवर आधीपासून असलेली फाइल उघडायची तर तिचं जसं आहे तसंच नाव द्यावं लागतं.

आणि नाव फार लांब झालं तर

शेतकऱ्याचं पूर्ण नाव, वडील, आडनाव, गाव, तालुका, मालाचा प्रकार, तारीख, हे सगळं दिवाणजींना नावात हवं असतं. विंडोज २५५ एकक मोजतं, तिथे खपून जातं. लिनक्सची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. "पिंपळगाव बसवंत" आपण मोजलं तर नऊ अक्षरं, जीलिब मोजतं १४ चिन्हं, आणि बाइट ४०. बॅकअप माझ्या लॅपटॉपवर उतरवताना "फाइल नेम टू लाँग" येतं ते यामुळे.

कापायचं तर बाइटवर कापू नका, त्यातून ती काळी चौकट येते. जी_यूटीएफ८_सबस्ट्रिंग ने चिन्ह अख्खं राहतं, पण "पिं" चा नुसता "प" उरू शकतो आणि अर्थ बदलतो. कापण्याच्या जागेनंतरचं चिन्ह जी_युनिकॅर_इजमार्क ने तपासा, मात्रा, अनुस्वार किंवा पायमोड असेल तर तसं नसेपर्यंत एकेक घर मागे या, आणि शेवटी पाय मोडलेला राहिला असेल तर ते अक्षरही सोडा. खरी अक्षरसीमा पँगो हा मजकूर मांडणारा दुसरा संच सांगतो, पण एवढ्यासाठी तो जोडायची गरज मला वाटली नाही. नावाच्या टोकाला "ता." राहू देऊ नका, विंडोज शेवटचा टिंब गुपचूप गिळतं आणि मग फोल्डर सापडत नाही.

आता नवी बांधणी खळ्यावर नेण्यापूर्वी मी एका फोल्डरवर चालवतो. त्यात बाऱ्हे तिन्ही रीतींनी, पिंपळगाव बसवंत, "ता." ने संपणारं एक नाव, पायमोड असलेलं एक, आणि दिवाणजींनी स्वतः टाइप करून दिलेलं नव्वद चिन्हांचं एक नाव आहे. ते शेवटचं लिनक्सवर बसतच नाही, म्हणून तेवढं मजकुराच्या फाइलीत ठेवून विंडोजवर तयार करतो.